किल्ली दुसऱ्याच्या कमरेला



माझ्या कमरेला एकवीस वर्षं किल्ल्यांचा जुडगा होता. दुकानाचं शटर, तिजोरी, भट्टीची खोली आणि घरातलं पैशाचं कपाट, सगळ्याच्या किल्ल्या त्यात. रात्री तो उशाखाली असायचा. लग्नाकार्याला गेलो तरी हात आपोआप कमरेकडे जायचा. आज तो जुडगा माझ्याकडे नाही. तो कसा सुटला आणि त्याआधी मी काय काय गमावलं, एवढंच सांगायला मी इथे उभा आहे. मी काही वक्ता नाही, भट्टीसमोर बसणारा माणूस आहे. तेव्हा सांभाळून घ्या.

मी राहतो कुंभकोणमला. तामिळनाडूत, तंजावर जिल्ह्यात, कावेरीच्या काठावर. मूळ गाव मात्र सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या पट्ट्यातलं कुणी ऐकत असेल तर त्यांना माझा धंदा सांगावा लागणार नाही. आम्ही गलाईवाले. दुष्काळी भाग, शेतीवर भागायचं नाही, म्हणून आमच्याकडची माणसं सोनंचांदी आटवायच्या धंद्यात देशभर पांगली. तामिळनाडूत तर बहुतेक मोठ्या गावांत आमचं एखादं तरी दुकान सापडेल.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. सराफ आमच्याकडे जुने दागिने, मोड, अगदी कारागिराच्या खोलीतला झाडून काढलेला कचरासुद्धा आणतात. आम्ही वजन करतो, मुशीत घालून आटवतो, टंच काढतो, म्हणजे त्यात खरं सोनं किती ते सांगतो. शुद्ध करायचं असेल तर सोन्यात साधारण तिप्पट चांदी मिसळून पुन्हा आटवायचं आणि तेजाबात उकळायचं. चांदी आणि तांबं विरघळून जातं, खाली तपकिरी भुकटीसारखं सोनं राहतं. ते धुवायचं, सवागी घालून पुन्हा आटवायचं, की लगड तयार.

आता बघा, यात प्रत्येक पायरीला सोनं कमी होऊ शकतं. चुकून होऊ शकतं, मुद्दामही होऊ शकतं. माल लोकांचा, जबाबदारी आपली. त्यामुळे आमच्या धंद्यात 'कुणावर सोडू नको' हे शहाणपण लहानपणापासून कानावर पडतं. मी ते जरा जास्तच मनावर घेतलं.

त्याला कारण होतं. वडील गेले तेव्हा मी दहा वर्षांचा आणि धाकटा भाऊ दोन वर्षांचा. सातबाऱ्यावर आम्हा दोघांची नावं लागली, पुढे लिहिलं होतं 'अज्ञान', आणि 'अ.पा.क.' म्हणून आईचं नाव. अ.पा.क. म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता. कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालच्या माणसाला अज्ञान म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

१९८७ साली, पंधराव्या वर्षी, मामा मला कुंभकोणमला घेऊन आले. अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली काम केलं. १९९८ मध्ये स्वतःचं दुकान टाकलं. हळूहळू चार माणसं कामाला आली. त्यात माझा भाचा, बहिणीचा मुलगा. दुकान वाढलं, पण एक नियम कायम राहिला. काट्याला हात फक्त माझा. टंच मी सांगणार, पावती मी लिहिणार, तिजोरी मी उघडणार. मी जेवायला गेलो की दुकान बंद. मी आजारी, तर दुकान आजारी.

२०१६ साली इथे महामहम होतं. बारा वर्षांतून एकदा येणारं पर्व, २२ फेब्रुवारीला मुख्य स्नान, लाखो माणसं त्या कुंडात उतरतात. माझी आई त्यासाठी गावाहून दोन दिवसांचा प्रवास करून आली होती. कुंड माझ्या दुकानापासून चालत दहा-बारा मिनिटांवर. आई म्हणाली, ''चल की रे माझ्याबरोबर.'' मी म्हणालो, ''तू हो पुढं, गिऱ्हाईक आहे.'' मी गेलोच नाही. आई आता नाही. पुढचं महामहम २०२८ ला आहे, पण त्या वेळी आई असणार नाही.

गावाकडं आम्ही बंगला बांधत होतो. गलाईवाल्यांचे गावाकडचे बंगले तुम्ही पाहिले असतील, भले मोठे आणि बरेचसे बंद. भाऊ गावातच शेती करतो, आईला त्यानंच सांभाळलं, बांधकामावर देखरेख त्याची. पण ग्रिलची नक्षी कुठली, फरशी कुठली, पायरी किती इंचाची, सगळं मी फोनवरून ठरवायचो. एवढंच नाही, भावाला सांगून झालं की मी थेट गवंड्याला फोन करायचो. एक दिवस गवंडी भावासमोरच म्हणाला, ''तुमचं राहू द्या, मी मालकांना विचारतो.'' त्या रात्री भावाचा फोन आला. म्हणाला, ''दादा, तू मला काम देत नाहीस. निरोप देतोस.''

मला राग आला. एवढा पैसा मी पाठवतो आणि वर हे ऐकायचं? त्याचं वाक्य समजायला मला आणखी चार वर्षं लागली.

२०१९ मध्ये माझी पाठ धरली. मणक्याचं ऑपरेशन झालं. चोवीस दिवस अंथरुणाला खिळून होतो. जुडगा द्यावाच लागला. दिला म्हणजे काय, बायकोनं उशाखालून काढून घेतला. दुकान तिनं आणि भाच्यानं चालवलं. पंचविसाव्या दिवशी मी वही मागवली. ओळ न् ओळ तपासली. आलेलं वजन, गेलेलं वजन, घट, मजुरी, सगळं बरोबर. एक गुंजसुद्धा इकडची तिकडे नाही. शिवाय दोन नवी गिऱ्हाइकं जोडलेली.

माझा चेहरा बघून बायको म्हणाली, ''अहो, तुम्हाला बरं वाटायला पाहिजे. चोरी झाल्यासारखा चेहरा का केलाय?''

खरं सांगू? मला वाईट वाटलं होतं. दुकान माझ्याशिवाय चाललं याचं वाईट. आजवर मी म्हणत होतो की दुसऱ्यांना जमत नाही म्हणून मी करतो. त्या वहीनं मला दाखवलं की त्यांना जमतं. मग मी एकवीस वर्षं कशासाठी धरून बसलो होतो? सोनं जाईल म्हणून नाही. मीच लागत नाही असं ठरलं तर, ही भीती होती.

हे मला कळलं, पण मी वागलो उलट. दुसऱ्या दिवशी कमरेला पट्टा बांधून दुकानात गेलो आणि सगळ्या किल्ल्या परत घेतल्या. काटा परत माझ्याकडे. भाच्याला पुन्हा भट्टीच्या खोलीत पाठवला.

२०२० च्या संक्रांतीला, इथल्या पोंगलला, तो निघाला. दुसऱ्या गावात एका गलाईवाल्याकडे काम धरलं होतं. जाताना पाया पडला आणि म्हणाला, ''मामा, धंदा मला सगळा येतो. फक्त तुमच्या दुकानात मला अजून काही येत नाही.''

अकरा वर्षं माझ्याजवळ राहिलेला पोरगा. मी त्याला घडवला असं मी सगळ्यांना सांगायचो. आणि मीच त्याला घालवला.

दोन महिन्यांत लॉकडाऊन लागला. दुकान बंद, भट्टी थंड. माझ्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांच्या घरात तंजावरी मराठी बोलतात. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरला राज्य स्थापन केलं, त्या काळापासून इकडे आलेल्या मराठी घराण्यांची ही बोली. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला ती मराठी आहे हेच कळलं नव्हतं. संध्याकाळी आम्ही आपापल्या गच्चीवर उभे राहून बोलायचो. मी भाच्याचं सांगितलं. सर म्हणाले, ''तुम्हाला या गावातल्या एका मराठी माणसाची गोष्ट सांगतो.''

ती गोष्ट होती सर टी. माधवरावांची. २० नोव्हेंबर १८२८ ला कुंभकोणममध्ये जन्मलेला हा माणूस. तंजावरी मराठी घराणं, वडील आणि चुलते दोघंही त्रावणकोरचे दिवाण होऊन गेलेले. मद्रासला शिकून माधवराव १८४९ मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले. पुढे तिशीच्या आतच त्याच राज्याचे दिवाण. राज्याची बिघडलेली घडी त्यांनी बसवली. पण ज्या राजपुत्राला शिकवलं तोच पुढे राजा झाला, आणि त्याच्याशी बिनसल्यावर १८७२ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. तिरुवनंतपुरमला सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आहे. त्या चौकालाच लोक 'स्टॅच्यू' म्हणतात.

त्यानंतर इंदूरला होळकरांकडे दिवाणगिरी. आणि १८७५ मध्ये बडोदा. तिथे इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना गादीवरून काढलं होतं. जमनाबाई महाराणींनी मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा एक मुलगा दत्तक घेतला. शेतकऱ्याच्या घरातला गोपाळ, तेच आपले सयाजीराव महाराज. मुलगा अज्ञान, म्हणून राज्याचा कारभार दिवाण माधवरावांच्या हातात आला. सातबाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर माधवराव बडोद्याचे अ.पा.क.

मंडळी, विचार करा. एका माणसाच्या हातात अख्खं संस्थान आहे आणि मालक आहे बारा वर्षांचा. धरून ठेवायला याहून सोपी जागा कुठली? मुलाला खेळात, शिकारीत, नाचगाण्यात गुंतवून ठेवलं असतं तर अठराव्या वर्षीही तो कागदावरच सज्ञान झाला असता आणि दिवाणाचं आसन पक्कं राहिलं असतं.

माधवरावांनी उलट केलं. मुलाच्या शिक्षणाची रीतसर व्यवस्था झाली, एलियट नावाचे शिक्षक होते. आणि १८८१ मध्ये, अधिकार सोपवायचे दिवस जवळ आले तेव्हा, माधवरावांनी स्वतः त्या तरुण राजाला राज्यकारभारावर व्याख्यानं दिली. ती पुढे 'मायनर हिंट्स' या नावानं छापली गेली. मायनर म्हणजे लहानसहान, आणि मायनर म्हणजे अज्ञानसुद्धा.

पुस्तक इंग्रजीत आहे. माझी मुलगी वाचायची आणि मला मराठीत सांगायची. मला त्यातलं जे भिडलं ते माझ्या शब्दांत सांगतो. राजानं सगळं स्वतः करायला जाऊ नये. चांगली माणसं पारखून नेमावीत, त्यांना त्यांचं काम करू द्यावं, बारीकसारीक गोष्टींत हात घालू नये. मोठ्या गोष्टींवर नजर ठेवावी. मी ऐकत होतो आणि मला गवंड्याला केलेले फोन आठवत होते.

२८ डिसेंबर १८८१ ला सयाजीरावांकडे पूर्ण अधिकार आले. वय अठरा वर्षं नऊ महिने. आणि पुढच्याच वर्षी, १८८२ मध्ये, मतभेद झाले आणि माधवराव दिवाणगिरी सोडून मद्रासला निघून गेले.

मी सरांना म्हणालो, ''म्हणजे शेवटी वाईटच झालं की.''

सर हसले. म्हणाले, ''शिकवलेला मुलगा तुमच्याहून वेगळा निर्णय घेतो, यात वाईट काय झालं? तो तुमच्यासारखाच निर्णय घेणार असेल तर तुम्ही अधिकार दिलेच नाहीत. फक्त सही दिली.''

त्याच सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू करून पाहिलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानात लागू केलं. ही पुढची पावलं त्यांची स्वतःची. दिवाणानं पाया घातला, वर काय बांधायचं ते मालकानं ठरवलं.

त्या रात्री मला झोप आली नाही. मला सातबारा आठवला. भाऊ अठरा वर्षांचा झाला तेव्हा त्याच्या नावापुढचा 'अज्ञान' शब्द तलाठ्यानं काढला. मी मात्र काढला नव्हता. तो पस्तिशी ओलांडून गेला, दोन लेकरांचा बाप झाला, तरी माझ्या मनातल्या सातबाऱ्यावर तो अज्ञानच होता. भाचाही अज्ञान. बायको, जिनं चोवीस दिवस दुकान चालवलं, तीही अज्ञान. आणि मी सगळ्यांचा अ.पा.क.

आपण म्हणतो, ''अजून त्याला जमत नाही, जमलं की देतो.'' पण दिल्याशिवाय जमणार कसं? पोहायला आलं की विहिरीत उतर, असं आपण म्हणतो का? माणूस शिकल्यावर सज्ञान होतो हे अर्धंच खरं. जबाबदारी अंगावर पडली की सज्ञान होतो.

दुकान पुन्हा उघडलं तेव्हा मी तीन गोष्टी केल्या.

पहिली, काय दिलं आणि काय ठेवलं ते लिहून काढलं. मुलगी बी.कॉम. होऊन दुकानात येऊ लागली होती. शंभर ग्रॅमपर्यंतचा माल ती घेणार, टंच ती सांगणार, पावती तिच्या सहीची. त्यावरचं असेल तर मला विचारायचं. भट्टी आणि तेजाबाचं काम एका जुन्या कामगाराकडे, तिथे शेवटचा शब्द त्याचा. सीमा आखल्याशिवाय दिलेलं काम म्हणजे फसवणूक असते. समोरच्याला कळत नाही कुठं थांबायचं, आणि आपल्याला कधीही हात घालायची सोय राहते.

दुसरी, हिशेब सोडला नाही. विश्वास टाकला म्हणजे वजन करायचं नाही असं नाही. रोज संध्याकाळी आलेलं आणि गेलेलं वजन दोघांनी मिळून जुळवायचं, माझंसुद्धा. पूर्वी मी दिवसभर माणसांवर नजर ठेवायचो. आता संध्याकाळी पंधरा मिनिटं वहीवर ठेवतो.

तिसरी, आणि सगळ्यात अवघड. चूक झाली तर किल्ली परत घ्यायची नाही.

ती वेळ दोन महिन्यांतच आली. मुलीनं लगडीच्या एकाच टोकाचा नमुना घेतला. माल नीट मिसळलेला नव्हता. तिनं टंच जास्त सांगितला, हिशेब होऊन गेला आणि नंतर कळलं की साडेतीन ग्रॅमचा फटका बसलाय. ती रडवेली होऊन समोर उभी. माझा हात सवयीनं कमरेकडे गेला. कामगार माझ्याकडे बघत होते. आता मालक काय करतो?

मी दोनच प्रश्न विचारले. काय झालं? पुढच्या वेळी काय करशील? ती म्हणाली, ''दोन्ही टोकांचा नमुना घेईन, आणि आटवताना दोनदा ढवळून घ्यायला सांगेन.'' नुकसान मी भरलं. तिनं तो नियम कागदावर लिहून भिंतीला चिकटवला. इतकी वर्षं मी हे तोंडानं ओरडून सांगत होतो. भिंतीवर लागला तो तिच्या अक्षरात, आणि आता तो सगळे पाळतात, कारण तो तिला साडेतीन ग्रॅमला पडलाय.

घरी जरा जास्त वेळ लागला. दुकानाची किल्ली दिली, पण कपाटाची माझ्याकडेच. बायको एकदा म्हणाली, ''लोकांचं सोनं पोरीच्या हातात देता, आणि मला भाजीला पैसे मोजून देता.'' मला उत्तर सुचलं नाही, म्हणून किल्ली दिली. आता महिन्याचा खर्च ती बघते. पहिल्या महिन्यात तिनं माझ्या दृष्टीनं अगदी वायफळ अशी एक गोष्ट घेतली, वॉशिंग मशीन. मी गप्प बसलो. घरात हे मशीन कुणी वापरायचं आणि कुणाचे हात दुखतात, हे ठरवणारा मी कोण?

भावाला फोन केला. म्हणालो, ''वरच्या मजल्याचं काम तुझं. पैसे किती ते ठरवू, बाकी तू बघ.'' तो थोडा वेळ गप्प राहिला. मग विचारलं, ''रंग?'' मी म्हणालो, ''तू राहणार आहेस तिथं.'' त्यानं पोपटी रंग दिला. मला आवडला नाही. अजूनही आवडत नाही. पण आता तो बंगला बंद नाही, भाऊ तिथं राहतो, आणि दारात त्याच्या पोरांच्या सायकली असतात.

भाचा परत आला नाही. हे सांगायलाच हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल की शेवट गोड झाला. त्यानं दोन वर्षांपूर्वी स्वतःचं दुकान टाकलं. उद्घाटनाला मला बोलावलं, काट्याची पूजा माझ्या हातून केली. अवघड माल आला तर आता मी त्याला फोन करून विचारतो. तो सांगतो आणि शेवटी म्हणतो, ''बघा मामा, तुम्हाला पटलं तर.'' माझ्या दुकानात त्याला अकरा वर्षं जे मिळालं नाही, ते तो मला रोज देतो.

मी आता एक तारीख ठरवलीय. माधवरावांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं की हा कारभार आपला नाही, राजा सज्ञान झाला की सोपवायचाय. आपल्याला कुणी तारीख देत नाही, म्हणून आपण धरून बसतो. माझी तारीख २०२८ चं महामहम. त्या दिवशी शंभर ग्रॅमची मर्यादासुद्धा काढायची. दुकान मुलीचं, निर्णय तिचे, मला न पटणारेसुद्धा. आणि मी कुंडावर जाणार, आईच्या नावानं स्नान करायला. बायको आत्तापासूनच म्हणतेय, ''त्या दिवशी फोन घरी ठेवा.''

तुमच्याकडंही असा एखादा जुडगा असेल. दुकानाचा नसेल, तर स्वयंपाकघराचा असेल, ऑफिसातल्या फायलींचा असेल, मुलाच्या करिअरचा असेल. घरी गेल्यावर एक करा. आपल्या मनातला सातबारा उघडा आणि बघा, कुणाकुणाच्या नावापुढं अजून 'अज्ञान' लिहिलंय. त्यातलं एक नाव निवडा. त्याला काय देणार ते स्पष्ट सांगा, आणि त्याची पहिली चूक होईल तेव्हा हात कमरेकडे नेऊ नका.

माझं दुकान इथून चार गल्ल्या पलीकडं आहे. आज सकाळपासून तिथे किती माल आला, मला माहीत नाही. संध्याकाळी वही बघेन.